विन्याच्या मापाचा गोल

शारीरिक शिक्षणाची बाई म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. गळ्यातली शिट्टी आणि पंधरा ऑगस्टची कवायत. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की माझा तास गणिताला द्यायचा, हा आमच्या शाळेचा अलिखित कायदा आहे. या कायद्याविरुद्ध मी आजवर दोन पत्रकं काढली. उपयोग शून्य. तिसऱ्याचा मसुदा तयार आहे.

पत्रकं काढायची सवय घरातली. माझे वडील, अण्णा, गिरणीत होते आणि युनियनचं लिखाण त्यांच्याकडे असायचं. आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. इतर मुली बाराखडी पाटीवर शिकल्या, मी 'कामगार बंधू-भगिनींनो' पासून सुरुवात केली. संपानंतर गिरणी गेली, युनियन विस्कटली, पण यंत्र राहिलं. ते मी फुटबॉलच्या कामाला लावलं.

माझ्या नोकरीला आता आठ वर्षं झाली. निवृत्त व्हायला अजून अठ्ठावीस आहेत, तेव्हा साऱ्या नोकरीचा आढावा घेण्याचं वय नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. मी अडीचशे प्रती काढून वाटलेलं एक पत्रक चुकीचं होतं. ते वाचलेल्यांपैकी कुणी हा अंक वाचत असेल तर त्यालाही पूर्ण हकीकत कळावी.

आमच्या शाळेला मैदान नाही. इमारत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक फरसबंद चौक आहे. बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा थोडा मोठा. तिथे मी चौथी ते सहावीच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवायला लागले. मी स्वतः कबड्डीची. फुटबॉल शिकले ती नियमांच्या पुस्तकातून आणि उरलेला या मुलांकडून. चौकात एका बाजूला पाचाच्या वर माणूस मावत नाही, म्हणून पाच विरुद्ध पाच. गोल म्हणजे दोन दप्तरं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जागा लहान आणि गडी कमी असले की चेंडू फिरून फिरून आपल्याकडे येतोच. टाळता येत नाही. लाजरी मुलगीसुद्धा पाच मिनिटांत दहा वेळा लाथ मारते, चार वेळा चुकते, दोन वेळा शिव्या खाते आणि एकदा गोल करते. आमची सुमन पाटील अशीच. वर्गात तिचा आवाज बाकड्यापलीकडे जात नसे, पण चौकात ती डावीकडून घुसली की मुलं वाट द्यायची.

आणि दप्तरांच्या मध्ये उभा असायचा विनायक राणे, म्हणजे विन्या. पाचवीतला, दहा वर्षांचा, उंची चार फूट दोन इंच. माप पक्कं आहे, कारण उंची-वजनाचं रजिस्टर मीच भरते. विन्याचं वैशिष्ट्य त्याचा घसा. चेंडू कुठूनही येवो, तो आधी ओरडायचा, "माझाऽ!" मग पडायचा. फरशीवर. गुडघ्यांना कायम जांभळं औषध. वरच्या मजल्यावर भूगोल शिकवणाऱ्या सरांनी लेखी तक्रार केली होती की 'माझा' या शब्दामुळे वर्गाचं लक्ष विचलित होतं. मी उत्तर दिलं की गोलकीपरने ओरडणं हा खेळाचा भाग आहे, भूगोलाने आवाज वाढवावा.

हे सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललेल्या गोष्टीचा मला संशय येतो. नाहूरला एका कारखान्याचं मैदान आहे. हिरवंगार, पूर्ण मापाचं, दोन्ही टोकांना खरे पांढरे गोलपोस्ट. आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिथे अधिकारी क्रिकेट खेळत. बाकी वेळ कुलूप. मी कुंपणातून पाहिलं आणि माझं रक्त उसळलं. आमच्या पोरांनी फरशीवर गुडघे फोडायचे आणि हे गवत नुसतं पाणी पिणार? का? चाळीतल्या पोरांना चाळीएवढंच मैदान?

पत्रकाचा मथळा होता, 'अर्धं नको, पाव नको, पूर्ण मैदान हवं!' खाली लिहिलं होतं की जगभर फुटबॉल अकरा जणांचा असतो, चौकातला खेळ म्हणजे गरिबाच्या हातावर ठेवलेला खुळखुळा आहे आणि आमची मुलं खऱ्या मैदानावर, खऱ्या गोलसमोर, आजच उभी राहायला तयार आहेत. 'आजच' खाली दोन रेघा. अण्णांनी स्टेन्सिल वाचलं आणि विचारलं, "तयार आहेत हे कुणी ठरवलं?"

"मी."

"बरं," म्हणाले आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागले.

पत्रक कारखान्याच्या फाटकावर लागलं, कामगारांच्या हातात गेलं आणि चौथ्या दिवशी वेल्फेअरचं खातं सांभाळणाऱ्या साहेबांचा निरोप आला. मी भांडायच्या तयारीने गेले, तर त्यांनी चहा मागवला. चहा दिला की भांडण अवघड होतं.

"दर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ," ते म्हणाले. "पण एक अट आहे, बाई. तुमच्याच पत्रकात लिहिलंय तसं. अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण मैदान. इथे गल्लीतला खेळ आणलात तर दुसऱ्या रविवारी कुलूप. माझ्याकडे क्रिकेटवाले ही वेळ मागतायत."

मी आनंदाने सही केली. अट माझ्याच वाक्यांची होती. त्यावर आक्षेप कसा घेणार?

मैदानाची देखभाल परबकाका करत. मालवणकडचे, साठीला टेकलेले, डोक्यावर कायम ओला पंचा. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, म्हणजे फक्की मारणं, हे त्यांचं काम, आणि ती फक्की ते रांगोळी घालावी तशी घालत. पहिल्या रविवारी भांडुपच्या एका शाळेची आमच्याच वयाची मुलं आली होती. त्यांच्या सरांना मी आधीच पत्रक दिलं होतं.

आमची मुलं मैदानात शिरली आणि गप्प झाली. मला वाटलं, आनंदाने.

पुढे जे झालं ते सांगते. चेंडूमागे वीस मुलं एका घोळक्याने धावत होती, कारण चेंडूपासून लांब उभं राहिलं तर तो येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि तो येतही नव्हता. दहा वर्षांच्या पायात तेवढी ताकदच नाही. कॉर्नर मारला की चेंडू निम्म्या वाटेत दमून थांबायचा. विन्याने मारलेली गोलकिक त्याच्याच चौकटीबाहेर जाईना. सुमन डावीकडे एकटी. वीस मिनिटांत तिला चेंडू एकदाही मिळाला नाही. नंतर पाहिलं तर ती खाली बसून गवताची वेणी घालत होती.

आणि आम्ही जिंकलो. पाच-चार.

कारण आमच्याकडे भास्कर होता. दोनदा सहावीत बसलेला, मिसरूड फुटलेला. भास्करने चेंडू पुढे मारायचा, स्वतःच मागे धावायचं आणि पुन्हा मारायचा. पाचही गोल त्याचे. मी फळ्यावर 'विजय!' लिहिलं आणि चुकीवर पांघरूण पडलं. हरलो असतो तर त्याच दिवशी डोळे उघडले असते.

विन्यावर झालेले चार गोल तसे बघण्यासारखे होते. एकही त्याच्या चुकीने नाही. चेंडू संथपणे, कागदी विमानासारखा, त्याच्या डोक्यावरून आत गेला. चार वेळा. पहिल्या वेळी तो "माझाऽ!" ओरडला. दुसऱ्या वेळी "मा..." एवढंच. मग नाही.

परबकाका कुंपणाला टेकून पाहत होते. मी विचारलं, "कसं वाटलं, काका?"

"पोरां खेळतत खंय, बाईनू? नांगरतत."

"सवय होईल."

"तो गोलातलो झील बघलास? देवळात उंदीर उभो रवल्यासारखो दिसता."

मी दुर्लक्ष केलं. उलट पुढच्या रविवारी खेळाआधी मुलांना मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या, दम वाढावा म्हणून. त्याही वेळी जिंकलो. भास्कर चार, बाकी शून्य. तिसऱ्या रविवारी अकरांपैकी आठच आले. जिंकणारा संघ गळत होता. असं मी युनियनमध्येही कधी पाहिलं नव्हतं.

विन्या त्या आठांत नव्हता. शाळेतल्या चौकातही येईना. मधल्या सुट्टीत वर्गात बसून राही. मी विचारलं तर, "पोटात दुखतंय, बाई." आठवडाभर दुखणारं पोट मला कळतं. मी त्याच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. विन्याचे वडील, पूर्वी गिरणीत आणि आता एका दुकानात सामान बांधायच्या कामावर, केस विंचरत होते. आणि विन्या माळ्याच्या दांडीला दोन्ही हातांनी लटकत होता. पाय जमिनीपासून हातभर वर. चेहरा लालबुंद.

"हे काय रे?"

तो खाली उतरेना. लटकतच म्हणाला, "उंची वाढते बाई, लटकल्यावर. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर."

"कोणी सांगितलं?"

"भास्करने."

वडील हसले, पण पुरतं नाही. "बाई, गेले दहा दिवस हेच. घास उचलवत नाही इतके हात दुखतात. मी म्हटलं, अरे, तुझा बाप कोण आहे बघ, कुठून येणार उंची? तर रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही."

मी विन्याला म्हटलं, "तुझी काही चूक नव्हती रे त्या गोलांत."

"चूक नव्हती तेच तर," तो म्हणाला. "चूक असती तर सुधारली असती. आता मी काय करू? बाई, तुम्ही उंच आहात ना, तुम्हाला नाही कळणार. दोन फूट वाढलो की येतो."

दहा वर्षांच्या मुलाने इतकं नेमकं बोलू नये. परतताना मी वाटेत त्या पत्रकातलं एकेक वाक्य मनात वाचलं. मैदान आमचं आहे, हे खरं. कुलूप अन्याय आहे, हेही खरं. 'आजच' खोटं. आणि त्याखालच्या दोन रेघाही माझ्याच.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले, परबकाकांना विन्याचं लटकणं आणि बोलणं सांगितलं आणि त्यांच्या टेपने गोल मोजला. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच. पुस्तकात हे माप मला पाठ होतं. मुलाशेजारी मात्र ते कधी धरून पाहिलं नव्हतं.

"आडवी फक्की मारूया," काका म्हणाले. "लांबीत नको, रुंदीत. एका मैदानात चार बारकी मैदानां बसतली. बांबू माझ्याकडे आसत. सायब म्हयन्यातून एकदा येता. तेका कळाचा नाय."

मोह झाला. पण गुपचूप? ज्या बाईने फाटकावर डिंक लावून मागणी चिकटवली, तिने माघार चोरून घ्यायची? घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते यंत्राची शाई पुसत ऐकत होते.

"चुकलं असेल तर कबूल करायचं," ते म्हणाले. "पण चिठ्ठीवर नाही. ज्या आकाराच्या कागदावर चूक छापली, त्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच प्रती. आणि मथळा तितकाच मोठा. आम्ही एकदा हे केलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं." काय चुकलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या पत्रकाचा मथळा, 'आमची चूक'. खाली मजकूर, 'मैदान मुलांचंच आहे, ही मागणी कायम. पण दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मैदानात ढकलणं म्हणजे बापाचे बूट घालून त्याला शर्यतीत उभं करणं. हा निर्णय या शाळेच्या बाईंनी मुलांना न विचारता घेतला होता. तो त्या मागे घेत आहेत.' अडीचशे प्रती. त्याच फाटकावर, पहिल्याच्या शेजारी. पहिलं मी फाडलं नाही.

यावेळी साहेबांनी चहा मागवला नाही.

"म्हणजे मैदान परत करताय?"

"नाही."

"अट काय होती, बाई? अकरा विरुद्ध अकरा."

"अटीत बावीस मुलं खेळणार होती. मी चाळीस आणते. चार मैदानं, एकेका बाजूला पाच. चौथीची मुलंसुद्धा येतील. तुमच्या कामगारांची."

"गल्लीतला खेळ आणू नका म्हणालो होतो."

"गल्लीत ती खेळतात कारण गल्लीच आहे. इथे ती लहान मैदानात खेळतील कारण ती लहान आहेत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साहेब. मला स्वतःलाच उशिरा कळलं."

ते दुसरं पत्रक पुन्हा वाचत राहिले. मग म्हणाले, "मी वीस वर्षं नोटिसा काढतोय. चुकलेली नोटीस आम्ही बदलतो, चुकली असं लिहीत नाही." पत्रक बाजूला ठेवून, "एक रविवार. मी स्वतः येईन. नांगरणी दिसली तर कुलूप." नांगरणी हा शब्द त्यांना कोणी पुरवला ते मी ओळखलं.

शनिवारी काकांनी आडव्या रेघा मारल्या आणि सोळा बांबू रोवले. आडव्या दांडीच्या जागी दोरी बांधायची होती.

"किती उंच?" मी पुस्तक उघडलं.

"पुस्तक कशाक? गोलात कोण उभो रवतलो तेका बोलवा. माप तेच्यावरसून घेवचा."

"तो येत नाही, काका."

"मी आणतंय," म्हणून काका खरोखर टेप गळ्यात घालून निघाले. विन्याच्या घरी त्यांनी समजूत घातली नाही, लाड केले नाहीत. त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं, म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, "राण्यांचो झील ह्योच मां? गोल बांधूचो आसा, तुजा माप होया. शिंपी बगर मापान सदरो शिवता काय? चल."

विन्या आला. काकांनी त्याला बांबूशेजारी उभं केलं. "हात वर. आता उडी." विन्याने उडी मारली. बोटं लागली तिथे काकांनी चुन्याची खूण केली. "परत. मन लावून." दुसरी खूण बोटभर वर. "तिसरी." तिसरी त्याहून वर. काकांनी तिसऱ्या खुणेवर दोरी बांधली.

विन्या दोरीकडे बघत राहिला. "एवढंच?"

"तू वाढलंस की दोरी वाढतली. लटकाक नको."

रविवारी चाळीस नाही, त्रेपन्न मुलं आली. साहेब पावणेआठला आले, हात मागे बांधून. चारही मैदानांतून एकदम आरडाओरडा. सुमनने घुसून दोन गोल मारले आणि तिसरा चुकल्यावर स्वतःच्याच गड्याला झापलं, "डोळे घरी ठेवून आलास काय रे?" भास्करला लहान जागेत धावता येईना. तो वैतागला, मग पहिल्यांदा त्याने चेंडू दुसऱ्याला दिला.

विन्याकडे एक चेंडू वरच्या कोपऱ्यात आला. दोरीच्या जरा खाली. "माझाऽ!" उडी, बोटं, चेंडू दोरीवरून बाहेर. दोरी किती वेळ हलत होती.

साहेब जवळ आले. "तो बारका आहे ना, त्याला जरा हळू ओरडायला सांगा," म्हणाले. कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही, आजपर्यंत.

लोक मला विचारतात, मग मोठ्या मैदानावर कधी न्यायचं? पालक तर उभ्या उभ्या वय विचारतात, साडीचा रंग विचारावा तसं. मी वर्ष सांगत नाही. आम्ही पाचांवरून सातांवर गेलो, सातांवरून नवांवर. काकांची फक्की दर हंगामात थोडी लांबत गेली. मी तीन गोष्टी पाहते. मुलगा घोळका सोडून आपणहून लांब उभा राहतो का, चेंडू येईल या भरवशावर? त्याने मारलेला चेंडू तिथवर पोचतो का जिथे त्याला मारायचा होता? आणि जो सर्वांत लहानखुरा आहे, त्याचा आवाज शिल्लक आहे का? भास्करकडे पाहून ठरवायचं नाही. भास्कर सगळीकडेच जिंकतो. आमच्यात बहुतेकांचं हे बारा-तेराव्या वर्षी जमलं, काहींचं चौदाव्या. घाई केलेल्या कुणाचंच जमलं नाही. पहिल्या संघातली तीन मुलं परत आली नाहीत, ती माझ्या 'आजच'ची. त्यातला एक मला अजून बाजारात भेटतो आणि नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

विन्याच्या बरोबरीची मुलं आठवीत असताना एका शनिवारी मी मैदानावर गेले तर काका बांबू उपटत होते. एका बांबूवर चुन्याच्या खुणा, एकावर एक, चार हंगामांच्या. विन्या तेव्हाही वर्गात बुटकाच होता, पाच फुटांना दोन इंच कमी.

"काका, कोणी सांगितलं काढायला?"

"तेनाच. म्हणता, दोरी नको, आता दांडी होयी."

दुसऱ्या दिवशी अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण मैदान, पुन्हा तीच भांडुपची शाळा. काका पाठमोरे बसून चुन्याची बादली धूत होते. ते सामना कधी बघत नाहीत, ऐकतात. मी या टोकाला उभी होते, विन्याचा गोल त्या टोकाला, त्यामुळे उंच आलेला चेंडू मला नीट दिसला नाही. पण सबंध मैदान ओलांडून आवाज आला.

"माझाऽ!"

चेंडू त्याच्या हातांतून सुटून आत गेला. विन्या पडला, उठला, गवत झटकलं, चेंडू जाळ्यातून काढला आणि बचावाच्या दोन पोरांवर डाफरला, "अरे, मी माझा म्हटल्यावर मध्ये का येता? परत आलात ना तर बघा!"

काकांनी वर न बघता बादली उपडी केली.

"चूक तेचीच होती मां?" त्यांनी विचारलं.

"हो, काका. या वेळी त्याचीच."

"मग बरां," काका म्हणाले. "आता सुधारतलो."